साताऱ्यातला आडवा र

सातारा हे नाव प्रथमेत उभं असतं तोवर कुठल्याही यंत्राला त्रास देत नाही. विभक्ती लागली की अडचण सुरू होते. साताऱ्याला, साताऱ्यात, साताऱ्याचे. इथे 'य'च्या आधी पापणीसारखा एक आडवा र येतो. तो 'सूर्य'मधल्या रफारासारखा डोक्यावर चढत नाही, ओळीतच य ला चिकटून बसतो. हिंदीला याची गरज पडत नाही. मराठीला मात्र पदोपदी पडते, कारण त्याने उच्चार बदलतो आणि अर्थही. 'दर्या' म्हणताना द वर जोर येतो आणि समोर समुद्र उभा राहतो. 'दऱ्या' म्हणताना द हलका राहतो आणि कोयनेकाठचे डोंगर खाली उतरतात. ज्या यंत्राला हा र माहीत नाही, ते दऱ्यांचा दर्या करून टाकतं.

मराठी अक्षरं आजवर किती यंत्रांतून गेली याचा इतिहास सहसा मुंबई-पुण्याच्या नावावर मांडला जातो. तो तिथला आहेच. पण कृष्णेच्या काठाने मिरजेपासून वर वाईपर्यंत गेलं, तर या इतिहासाचे काही महत्त्वाचे मुक्काम वाटेत लागतात. प्रत्येक मुक्कामावर प्रश्न एकच होता. जुन्या साधनात जमलेली अक्षरांची जुळणी नव्या साधनाला शिकवायची कशी?

पहिला मुक्काम मिरज. १८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली. मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांनी तिला आश्रय दिला होता. काहीच वर्षांपूर्वी, १८०१ मध्ये, पटवर्धनांच्या घरात वाटण्या होऊन चिंतामणराव आप्पासाहेब सांगलीला वेगळे झाले होते. पेशवाई डळमळत होती, नाना फडणवीस १८०० मध्येच गेले होते. पुण्यात नानांच्या काळात, इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटच्या भोवती जमलेल्या चित्रकारांकडून, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची विद्या स्थानिक कारागिरांपर्यंत पोहोचली होती. ती विद्या मिरजेला आली आणि गीता तांब्याच्या पत्र्यांवर उलटी कोरली गेली.

या पद्धतीत जोडाक्षरांचा प्रश्नच उद्भवत नाही. कोरणाऱ्याचा हात लेखणीसारखाच चालतो, फक्त उजवं-डावं फिरवून. 'क्षेत्रज्ञ' असो की 'कुरुक्षेत्रे', पूर्ण शब्द एकाच पत्र्यावर एकसंध उतरतो. वेलांटी कुठून कुठे जावी, रफार कुठल्या खांद्यावर बसावा, हे कारागिराच्या डोळ्याला माहीत असतं. तोटा एवढाच की कोरलेलं पान त्या पानापुरतंच. त्यातलं एकही अक्षर उचलून दुसऱ्या पुस्तकात लावता येत नाही.

आणि योग असा, की त्याच १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण नागरी खिळ्यांत छापून झालं. तिथे अक्षर सुटं होतं. एकाच वर्षी दोन टोकांना दोन तंत्रं: मिरजेत अखंड पान, श्रीरामपुरात सुटा खिळा. पुढची पावणेदोनशे वर्षं खिळ्याची ठरली.

खिळ्याने अक्षरांना स्वातंत्र्य दिलं आणि जुळाऱ्याच्या पाठीला बाक दिला. इंग्रजीची केस म्हणजे वरची आणि खालची मिळून दोन लाकडी खोकी. मराठीला त्याच्या कितीतरी पट घरं लागत. प्रत्येक व्यंजन, त्याचं अर्धं रूप, नेहमीची जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार, आडवा र, सगळ्यांना स्वतंत्र खिळा. मुंबईकडे रुळलेल्या डिग्री पद्धतीत तर एकच ओळ तीन थरांत जुळवायची: मधल्या थरात अक्षर, वर मात्रा-वेलांट्यांची बारीक पट्टी, खाली उकार. बंगालकडच्या अखंड पद्धतीत मात्रेसकट अक्षर एकाच खिळ्यात ओतलेलं असे, म्हणून तिथे खिळ्यांची संख्या आणखी वाढे. चांगला जुळारी न बघता योग्य घरात हात घालत असे. ते कसब हाताचं होतं आणि ते हातातूनच पुढच्या पिढीकडे जाई.

खिळे कमी कसे करता येतील, हा विचार लोकमान्य टिळकांनीही केसरीच्या छापखान्यासाठी केला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा विषय सातारा-सांगलीच्या मुलखात फार जवळून हाताळला गेला, आणि त्यामागे औंध संस्थान होतं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दोन माणसांना जागा दिली. एकाने लोखंडाचा कारखाना काढला, दुसऱ्याने वेद छापले.

वेद छापणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. त्यांचं स्वाध्याय मंडळ १९४८ मध्ये गुजरातेतल्या पारडीला हलेपर्यंत औंधला होतं. वेदाचा मजकूर नुसत्या अक्षरांनी पुरा होत नाही. अनुदात्ताखाली आडवी रेघ, स्वरितावर उभी रेघ, आणि ती नेमक्या अक्षराला लागली पाहिजे. एका रेघेची जागा चुकली तर पाठ चुकला. आधीच तीन थरांत चालणाऱ्या जुळणीला ही स्वरचिन्हं आणखी दोन थर लावणार. शिशाच्या खिळ्यांत, खेड्यातल्या छापखान्यात, संहिता स्वरांसकट छापणं हे किती किचकट काम असेल याची कल्पना त्या आवृत्त्या हातात घेतल्यावर येते. मराठी मुद्रणाच्या इतिहासात औंधचं नाव आजच्याहून मोठ्या अक्षरांत यायला हवं.

लोखंडाचा कारखाना लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. १९१० मध्ये कुंडल स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. तिथूनच १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, १९२९ मध्ये ते 'किर्लोस्कर' झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, हे स्वतः चित्रकार. नांगर आणि पंप घडवणाऱ्या गावात मासिकही एक जुळवायचं यंत्र आहे असं मानणारा हा संपादक होता. लिपीसुधारणेतली 'अ'ची बाराखडी या मासिकांनी छापून वाचकांच्या डोळ्यांना सवयीची केली. इ, ई, उ, ऊ, ए यांचे वेगळे खिळे ठेवण्याऐवजी अ लाच वेलांटी, उकार, मात्रा लावायची: अि, अी, अु, अू, अे. जुळाऱ्याच्या केसमधली काही घरं त्यामुळे मोकळी झाली.

या सुधारणेचे मराठीतले मोठे पुरस्कर्ते सावरकर. हिंदीच्या बाजूने तिचा आग्रह धरणारे काका कालेलकर, आणि त्यांचा जन्म १८८५ चा, साताऱ्याचा. गांधीजींच्या नवजीवनच्या हिंदी पुस्तकांत दिसणारी 'अि' त्याच चळवळीतली. पुढे सरकारी समित्या बसल्या. १९५३ च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटीसुद्धा अक्षराच्या उजवीकडे, दांडी तोकडी करून लिहावी असं सुचवलं, म्हणजे यंत्राला मागे जावं लागणार नाही. लोकांनी ते स्वीकारलं नाही आणि काही वर्षांत ती शिफारस मागे पडली. बरं झालं. यंत्राच्या सोयीसाठी वेलांटीची जागा बदलली असती, तर पुढच्या यंत्राला तिचं काहीच अप्रूप राहिलं नसतं.

मध्ये टाइपरायटरचा काळ येऊन गेला. कचेऱ्यांत, कोर्टाच्या आवारात मराठी टंकलेखकांच्या रांगा बसल्या. टाइपरायटरवर जे दिसतं त्या क्रमाने बडवायचं, म्हणून 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग क. बोटांची ही सवय पुढे संगणकाच्या पडद्यापर्यंत टिकली आणि तिने बरीच डोकेदुखीही दिली.

संगणक आला तो इंग्रजी घेऊन. १९८० च्या दशकातल्या पीसीचा पडदा म्हणजे ८० रकान्यांच्या २५ ओळी. प्रत्येक रकान्यात एक अक्षर, आणि एकूण अक्षरं २५६, तीही यंत्राच्या पोटात कायमची कोरलेली. प्रोग्रॅम पडद्याच्या स्मृतीत एक आकडा लिहायचा आणि त्या आकड्याचं चित्र त्या रकान्यात उमटायचं. या व्यवस्थेत 'त्र्य' कुठे बसणार? चार-पाच आकडे मिळून एक आकार होतो, एकाच आकड्याचे शेजारणीनुसार चार आकार होतात, वेलांटी उच्चारात मागून येते आणि दिसते पुढे. रकान्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

याचं उत्तर कानपूरच्या आयआयटीत शोधलं गेलं. तिथल्या प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या गटात देवनागरी टर्मिनल तयार झालं आणि १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात लोकांनी ते पाहिलं. त्या कामातले मोहन तांबे पुढे पुण्यात आले. १९८८ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक सुरू झालं होतं. महासंगणकामुळे ते नाव गाजलं, पण तांबे यांच्या जिस्ट गटाने केलेलं काम सामान्य माणसाच्या टेबलापर्यंत जास्त पोहोचलं.

जिस्ट कार्ड म्हणजे पीसीच्या पोटात खोचायची एक पाटी. तिची युक्ती विलक्षण होती. वर्डस्टार किंवा डीबेस यांच्यासारख्या प्रोग्रॅमला ती हात लावत नसे. प्रोग्रॅम नेहमीसारखे आकडे पडद्याच्या स्मृतीत लिहीत. कार्ड ते आकडे वाटेत पकडून, त्यांची जुळणी करून, खऱ्या मराठीचं चित्र पडद्यावर पाठवी. डीबेसला आपण मराठी नावं क्रमवार लावतो आहोत याचा पत्ताही नसे. जुळाऱ्याच्या बोटांत असलेलं ज्ञान, कुठे अर्धा, कुठे रफार, कुठे आडवा र, ते प्रथमच नियमांच्या रूपात एका पाटीत गेलं. मराठी मुद्रणाच्या इतिहासात श्रीरामपूरच्या खिळ्यानंतर एवढं मोठं वळण दुसरं नाही, असं म्हणायला हरकत नसावी.

या पाटीच्या बरोबरीने दोन गोष्टी स्थिरावल्या. एक इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांची संकेतावली. १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. दुसरी इनस्क्रिप्ट, म्हणजे डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं असलेला कळफलक. इस्कीचा पाया साधा आणि खोल होता: साठवायचं ते उच्चाराच्या क्रमाने, आकाराच्या क्रमाने नव्हे. आधी क, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी पुढे नेणं हे पडद्याचं काम. सगळ्या ब्राह्मीजन्य लिप्यांना एकच कोष्टक असल्यामुळे मराठीत भरलेलं नाव एका कळीवर कन्नडमध्ये दिसे. मिरजेसारख्या दुभाषी गावाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि मग खिडकी उघडली. १९९० च्या दशकात डॉस मागे पडून विंडोज आलं तेव्हा पडद्याचं सगळं शास्त्र बदललं. आता प्रोग्रॅम आकडे रकान्यात टाकत नव्हते. ते विंडोजला सांगत की अमुक फाँटमधलं अमुक चित्र अमुक ठिकाणी काढ. जिस्ट कार्ड ज्या वाटेवर आकडे पकडायला उभं होतं, ती वाटच बंद झाली. पाटीत बसवलेली जुळणी पाटीबाहेर काढून, नव्या व्यवस्थेला कळेल अशा भाषेत पुन्हा लिहिणं भाग होतं.

ती तशी लगेच लिहिली गेली नाही, आणि इथे मराठीने पंधरा-वीस वर्षांची किंमत मोजली. घाईच्या काळात उपाय निघाला तो असा, की फाँटमध्ये ए, बी, सी यांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. सी-डॅकचं आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, बंगलोरची आकृती; प्रत्येकाचे तुकडे वेगळे आणि त्यांच्या जागाही वेगळ्या. जागा दोनशेच्या आसपास, म्हणून तुकडे जोडून अक्षर करायचं. डिग्री पद्धतीचे खिळेच जणू पडद्यावर परत आले. मजकूर दिसायला देखणा, छापायला उत्तम. सांगली-साताऱ्यात खिळ्यांचे छापखाने मिटत गेले आणि त्यांच्या जागी डीटीपी केंद्रं आली. लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक पेजमेकरमध्ये लागू लागले. पण एका केंद्रातली फाईल दुसऱ्या केंद्रात उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच. त्यात शब्द शोधता येईना, यादी अकारविल्हे लावता येईना. जिस्ट कार्डावर १९९० मध्ये जे जमत होतं, ते २००० मध्ये जमेनासं झालं होतं.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच. तिच्यातला देवनागरी भाग इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर बेतलेला, म्हणजे उच्चाराच्या क्रमाचं तत्त्व तिथे शाबूत होतं. वाट बघायची होती ती पडद्याची. विंडोज २००० मध्ये जुळणीचे नियम यंत्रणेतच आले आणि र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा फाँट सोबत आला. आता नियम दोन घरांत वाटले गेले: अक्षरांची मांडणी यंत्रणा लावणार आणि आकार कुठला निवडायचा ते फाँट सांगणार.

या वाटणीतही बिऱ्हाड पुन्हा हललं. विंडोज व्हिस्टाच्या वेळी देवनागरीच्या जुळणीची नवी पद्धत आली. फाँटमध्ये लिपीची ओळख सांगणारी जुनी खूण 'देव', नवीची 'देव२'. नव्या पद्धतीत काही ठिकाणी पाय मोडण्याची खूण आणि व्यंजन यांचा क्रम पालटला होता. परिणामी जुन्या पद्धतीने लिहिलेले जोडाक्षरांचे नियम नव्या यंत्रणेला जसेच्या तसे चालणार नव्हते. फाँट करणाऱ्यांनी दोन्ही नियमावल्या शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे जुन्या संगणकावरही 'ट्र' फुटणार नाही आणि नव्यावरही. वाचकाला यातलं काहीच दिसत नाही. तो फक्त वाचतो, आणि तसंच असायला हवं.

मराठीचे खास प्रश्न मात्र एकेक करून सुटले. आडवा र युनिकोडमध्ये 'ऱ' या अक्षराच्या अर्ध्या रूपातून मिळतो; ते अक्षर मुळात दक्षिणेकडच्या भाषांमधल्या र साठी ठेवलेलं. दुसरी वाटही आहे, साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकायची. दोन्हींनी 'साताऱ्यात' सारखंच दिसतं, पण साठवलेले आकडे वेगळे, म्हणून एका पद्धतीने शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. 'ॲप'मधल्या ॲ ला स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी अ वर अर्धचंद्र ठेवून काम भागवलेलं, आणि तसा जुना मजकूर आज बऱ्याच पडद्यांवर ठिपक्यांचं वर्तुळ घेऊन दिसतो. औंधच्या छापखान्यात शिशातून लागलेल्या रेघांपैकी दोन मुख्य चिन्हं आधीपासून होती. वेदपाठाच्या इतर खुणांसाठी २००९ च्या ५.२ आवृत्तीत वेगळा विभागच उघडला गेला.

या साऱ्याची मोठी कसोटी लागली कृष्णेच्या वरच्या अंगाला, वाईत. दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली हे नाव मिळालं ते १९६० साली. त्याच वर्षी राज्यात साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. तर्कतीर्थ वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले. १९१६ चं प्राज्ञपाठशाळा मंडळ, त्याचा धर्मकोश, त्याचा प्राज्ञ छापखाना, 'नवभारत' मासिक, हे सगळं या गावाच्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे साहित्य संस्कृती मंडळाच्या मराठी विश्वकोशाचं कार्यालय मुंबई-पुण्याऐवजी वाईत थाटलं गेलं तेव्हा गाव त्या कामाला अनोळखी नव्हतं. १९७३ मध्ये परिभाषासंग्रह निघाला, १९७६ मध्ये पहिला खंड. १९८० मध्ये विश्वकोश निर्मितीचं स्वतंत्र मंडळ झालं. तर्कतीर्थ १९९४ मध्ये गेले, काम चालूच राहिलं आणि खंडांची संख्या विसावर पोहोचली.

चार दशकांच्या या प्रवासात मुद्रणाचं तंत्र खंडागणिक पुढे सरकत होतं. २०११ मध्ये सी-डॅकच्या साहाय्याने विश्वकोश युनिकोडमध्ये महाजालावर आला, तेव्हा गणिताची सूत्रं, वनस्पतींची शास्त्रीय नावं, ग्रीक अक्षरं, संस्कृत अवतरणं, तक्ते आणि लाखो जोडाक्षरं एका संकेतावलीत आणावी लागली. विश्वकोशाचं मूळ पान तज्ज्ञांनी लिहिलं, संपादकांनी तासलं, मुद्रितशोधकांनी वाचलं. रूपांतरानंतर ते पुन्हा वाचण्याला पर्याय नसतो. फाँट बदलताना रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, वेलांटी एक घर मागे राहते, आणि या चुका यंत्राला चुका वाटतच नाहीत. त्या दिसतात त्या मराठी वाचणाऱ्या डोळ्यालाच.

कोशाला आणखी एक गोष्ट लागते, क्रम. विश्वकोशाचा पहिला खंड 'अंक' या नोंदीने सुरू होतो. युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे शब्द लावले तरी अनुस्वार क च्या आधी येतो, म्हणून 'अंक' आपल्या जागी पुढे राहतो. पण खाली गेलं की गाडी रुळावरून घसरते. युनिकोडमध्ये, इस्कीप्रमाणेच, ळ बसला आहे ल च्या शेजारी, व च्या आधी. नुसत्या आकड्यांवर विसंबलं तर 'केळ' आधी येतं आणि 'केवडा' नंतर. मराठी शाळेत मुळाक्षरं म्हटलेल्या कुणालाही हा क्रम चुकीचा वाटेल, कारण आपला ळ ह च्या पलीकडे असतो. म्हणून संगणकांसाठी जगातल्या भाषांच्या क्रमांचा जो सामाईक तक्ता ठेवलेला आहे, त्यात मराठीची ओळ वेगळी लिहिली आहे: ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ.